हद्दीबाहेरची सभा

लातूर,
२६ ऑक्टोबर १९९३

ती. कमलक्कास,
धाकट्या पारूचे शरणार्थ आणि वाकून नमस्कार. वि. वि.

तुझी दोन्ही कार्डं मिळाली. आम्ही धडधाकट आहोत. स्वयंपाकघराच्या भिंतीला कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत चीर गेली होती. तिच्यावर मी कॅलेंडर लावलं. तेव्हापासून ह्यांना वाटतं की भिंत दुरुस्त झाली.

भूकंपानंतर सगळी कॉलनी मैदानात झोपत होती. त्या दिवसांत कोणाची जात कळत नव्हती, फक्त घोरणं कळत होतं. नरसिंगरावांच्या उशाला कोणाची वहिनी आणि ट्यूशनवाल्या मलप्पा सरांच्या पायथ्याशी कोणाची म्हातारी, काही धरबंध नव्हता. तुला खोटं वाटेल, पण मला ते आवडलं. कॉन्व्हेंटच्या डॉर्मिटरीची आठवण आली. मग हादरे कमी झाले, माणसं घरात गेली, कड्या लागल्या आणि विचार सुरू झाले.

विचारांचं कारण मीच. आपली बांगडीवाली रहमतबी आठवते ना? माझ्या लग्नात चुडा भरताना हिनं माझं मनगट मोडलं असं तू अजून सांगतेस, तीच. किल्लारीकडचं तिचं गाव गेलं. तिचा मकबूल गेला, सून गेली. नात अफसाना ओट्यावर झोपली होती म्हणून राहिली. दसऱ्याच्या आधी दोघी फाटकापाशी येऊन उभ्या राहिल्या. रहमतबीच्या खांद्यावर गोधडी, आणि अफसानाच्या हातात भूमितीचं पुस्तक. पोरगी दहावीला आहे अक्का. मी मागची खोली उघडून दिली. परीक्षा मार्चमध्ये. गावाकडे पत्र्याची शेड मिळणार आहे म्हणतात, पण तिथे शाळा नाही. इथून हलली की हिचं वर्ष गेलं, आणि अशा घरात गेलेलं वर्ष पुन्हा येत नाही, हे तुला मी सांगायला नको.

तर आमच्या सोसायटीची कमिटी बसली. सोसायटीचं नाव ‘विश्वबंधू’, आणि ते ह्यांनीच ठेवलेलं. भूकंपग्रस्तांना मदत पाठवण्यात आमची कॉलनी सगळ्यांच्या पुढे होती, बरं का. भाकरी आणि जुने कपडे भरून ट्रक पाठवला, पुढे कापडी फलक लावून फोटो काढला. भूकंपग्रस्त त्यांच्या गावी असले की आम्हांला त्यांच्याबद्दल अतोनात प्रेम असतं.

नरसिंगराव म्हणाले, हा प्रश्न दोन बायकांचा नाही, सीमेचा आहे. आज दोघी आल्या, उद्या अख्खं गाव येईल. नरसिंगराव मिलिटरीतून रिटायर झालेत. देवळालीच्या डेपोत कणकेची पोती मोजत होते, पण सीमेविषयी त्यांच्याइतकं कॉलनीत कोणाला कळत नाही. त्यांनी रहमतबीला रेशनकार्ड मागितलं. ती म्हणाली, हाय की साहेब, घराखाली हाय, तुमी घर उचला, म्या काढून देते. मग ती अफसानाशी दखनीत काहीतरी बोलली, आणि नरसिंगरावांना संशय आला की ही भाषा आपल्याकडची नाही. दुसऱ्या दिवशी मी दूध घ्यायला गेले तर कॉलनीत बांगलादेशी शिरल्याची बातमी माझ्या आधी डेअरीवर पोहोचली होती. रहमतबीनं मला विचारलं, हे बांगलादेश उदगीरच्या अलीकडं हाय का पलीकडं?

आमच्या चेअरमनसाहेबांनी, म्हणजे ह्यांनीच, निकाल दिला: कंपाउंडची भिंत वाढवायची, वर सोड्याच्या बाटल्यांच्या काचा रोवायच्या, लोखंडी फाटक बसवायचं, आणि कागद नसलेल्यांनी दिवाळीपर्यंत जागा सोडायची. सध्या विटा उतरतायत. हे उभे राहून मोजतात, नेहमीसारखे तोंडातल्या तोंडात उर्दूत: ग्यारह, बारह, तेरह. मी समोर भाजी निवडते आणि दिवाळी किती दूर आहे ते मोजते.

काही सुचव. लोभ आहेच, तो पुरतोही. पण यावेळी थोडी अक्कलही सोबत पाठव.

तुझी,
पारू


नांदेड,
५ नोव्हेंबर १९९३

चि. सौ. पारूस,
कमलक्काचे शरणार्थ व अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग पाणी प्याले, मग पुन्हा वाचलं. कॅलेंडर लावून चीर झाकणाऱ्या बाईनं नवऱ्याला हसू नये.

डॉर्मिटरीचं लिहिलंस म्हणून सांगते. तू तेव्हा लहान होतीस, तुला नीट आठवत नसेल. पोलीस ॲक्शननंतर हैदराबादेत जिल्ह्याजिल्ह्यांतून बायका-पोरांचे लोंढे आले, तेव्हा मदरनं हॉल उघडला आणि आम्हां मुलींना पलंग जोडायला लावले. दोन पलंगांवर तिघी. कोण कुठली, कोणत्या धर्माची, काही विचारलं नाही. फक्त उवा आहेत का ते पाहिलं. तुझ्या शेजारी भुरक्या केसांची एक मुलगी होती. ती लाथा मारायची आणि तू रडायचीस. ती गेली त्या दिवशी मात्र दुप्पट रडलीस. तिचं नावसुद्धा आपल्याला माहीत नव्हतं.

असो. रडणं पुरे, उपाय ऐक. आमच्या ओळखीच्या एका बाईनं गेल्या वर्षी मुलीसाठी अर्धा संसार हलवला. नवरा नायगावला, गाय दिराकडे, आणि ही गॅसची शेगडी अन् लोणच्याची बरणी घेऊन लातूरला. मुलगी ट्यूशनला जाते, ही खोलीवर तिला गरम वरणभात करून घालते. उमरी, अहमदपूर, देगलूर, सगळीकडून अशा आया नि आज्या एसटीत बसून तुमच्या लातूरला चालल्यात. तुमच्या विश्वबंधूत अशा किती आहेत? त्यांच्यापैकी कोणाला कधी विचारलं का, बाई, तू कुठली, कागद कुठाय? नाही. कारण त्या निर्वासित नाहीत, ‘मुलीच्या शिक्षणासाठी आलेल्या’ आहेत.

मग अफसानासुद्धा शिक्षणासाठीच आली आहे, आणि रहमतबी तिला वरणभात करून घालते आहे. यात खोटं काय? मलप्पा सरांकडे मुलीचं नाव घाल, आणि तुझ्या चेअरमनना नियमाप्रमाणे विद्यार्थिनी म्हणून नोंद करायला सांग. धोंडप्पारावांना माणूस दिसत नसेल, पण नियम अंधारातही दिसतो.

आणि त्यांना बार्शी आठवते का, ते हळूच विचारून बघ. काय म्हणतात ते मला कळव.

दिवाळीचा चिवडा पाठवते. त्यातले काजू नरसिंगरावांच्या हाती लागू देऊ नकोस. माया आहे तशी ठेव, मीही ठेवते.

तुझी,
अक्का


लातूर,
२८ नोव्हेंबर १९९३

ती. कमलक्कास,
पारूचे शरणार्थ. वि. वि.

अक्का, तुझी अक्कल पोहोचली, चिवडाही पोहोचला. दोन्ही खमंग.

मलप्पा सरांनी अफसानाची चाचणी घेतली. पेपर तपासून ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. म्हणाले, ही मुलगी आमच्या बॅचचा निकाल वर नेईल. मलप्पा सरांच्या दृष्टीनं जगात दोनच प्रकारची माणसं: निकाल वर नेणारी आणि खाली नेणारी. त्यांना हिचा धर्म विचार, गाव विचार, ते म्हणतील भूमितीत पैकीच्या पैकी. त्यांनीच ह्यांना येऊन सांगितलं. ह्यांनी बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना ठेवून घेण्याचा सोसायटीचा नियम काढला, वाचला, आणि नोंद केली: अफसाना, विद्यार्थिनी, सोबत आजी. त्या संध्याकाळी ह्यांचा चेहरा इतका मोकळा झाला होता की मला वाटलं, ह्यांनाही सुटकाच हवी होती.

पण नरसिंगराव कच्चे नाहीत. त्यांचं म्हणणं, विद्यार्थ्यांचा नियम विद्यार्थ्यांसाठी आहे, निर्वासितांसाठी नाही. घर असून इथे येतो तो विद्यार्थी, घर नसून येतो तो निर्वासित. म्हणजे पोरीचं घर उभं असतं तर ती इथे राहू शकली असती! आता पडलं म्हणून ती धोकादायक. त्यांनी सह्या गोळा करून सर्वसाधारण सभा मागितली आहे. संक्रांतीच्या आधीचा रविवार ठरला. ठराव झाला तर आठवड्यात खोली रिकामी करायची.

भिंत झाली, फाटकही बसलं. आपल्या लहानपणी निजामाच्या हद्दीवर करोडगिरी नाका होता ना, पेट्या उघडून जकात घेणारा, अगदी तसं दिसतं. आतलं मैदान मात्र आता राहिलं नाही. सोसायटीनं ते मलप्पा सरांना क्लाससाठी दिलं. लोखंडी सांगाडा आणि पत्रे जोडून महिन्याभरात उभंही राहिलं: खाली वर्ग, वर हॉल, बाजूला मुलांच्या खोल्या. म्हणजे भूकंपात आम्ही जिथे पळालो होतो, तिथेच इमारत बांधली. मोकळी जागा उरली ती फक्त भिंतीपलीकडे.

बार्शीचं विचारलं. हे म्हणाले, बार्शीला मी शिकायला होतो. आणि पेपर तोंडापुढे धरला. पेपर उलटा होता.

काळजी वाटते ग. अफसाना पहाटे उठून चिरेजवळच्या दिव्याखाली बसते आणि मान वर करत नाही, जणू वर पाहिलं तर कोणीतरी उठ म्हणेल.

लोभ धरून ठेव, सुटू देऊ नको.

तुझी,
पारू


नांदेड,
१२ डिसेंबर १९९३

श्री. धोंडप्पाराव यांस,
कमलम्माचे शरणार्थ. वि. वि.

तुम्हांला पत्र लिहिण्याचा माझा प्रघात नाही. तुम्ही मागच्या संक्रांतीच्या शुभेच्छांवरसुद्धा सोसायटीचा गोल शिक्का मारला होता, तेव्हापासून उत्तर देताना मला अर्ज लिहितोय असं वाटतं. तरी लिहिते. फाडलंत तर चालेल, पण वाचून फाडा.

तुम्ही बार्शीला शिकायला होतात असं पारूला सांगितलंत. तुमच्या आईनं मला वेगळं सांगितलं होतं. रझाकारांच्या भीतीनं त्या तुम्हांला घेऊन रातोरात निजामाची हद्द ओलांडून गेल्या. अंगावरच्या लुगड्यानिशी. तिथे एका जिनिंगच्या शेडमध्ये जागा मिळाली. त्या आळीतही सभा भरली होती म्हणे. निजामाकडून आलेल्यांना ठेवावं की नाही? यात हेर असले तर? आज चार आले, उद्या मोगलाई येईल. भाषणं तुमच्या नरसिंगरावांसारखीच असणार. या भाषणांना पन्नास वर्षांत नवीन वाक्य सुचलेलं नाही.

कोणीतरी तुम्हांला पुढे बोलावलं आणि पाढा म्हणायला सांगितला. तुमची शाळा उर्दू. तुम्हांला पाढे येत होते ते उर्दूतच. तुम्ही भरसभेत छातीवर हात बांधून सुरू केलंत, दो एकम दो, दो दूनी चार. सगळी आळी बघायला लागली. हेर सापडला! वय वर्षं दहा, नाक गळतंय. तुमची आई सांगायची, पोरगं बिचारं आणखी मोठ्यानं म्हणायला लागलं, त्याला वाटलं चुकतंय म्हणून सगळे बघतायत.

तरीही त्यांनी तुम्हांला ठेवलं. तुमच्या आईनं त्यांचं काही भलं केलेलं नव्हतं, ओळखही नव्हती. कोणी एक म्हातारा म्हणाला की पोराचा पाढा बरोबर आहे, झोपू द्या त्याला.

रहमतबीचे आपल्यावर काही उपकार नाहीत. तिनं इतकी वर्षं बांगड्या भरल्या आणि त्याचे पैसे घेतले. म्हणून तिच्यासाठी मी काही मागत नाही. तुम्ही नियमाचे माणूस आहात, नियमानंच वागा. फक्त सभेत बसाल तेव्हा कोणत्या बाजूला बसलाय, एवढं बघा.

रागावू नये. रागावलात तर संक्रांतीनंतर रागवा, तोवर मी तिळगूळ पाठवलेला असेल. स्नेह असू द्यावा.

आपली,
कमलम्मा


लातूर,
११ जानेवारी १९९४

ती. कमलक्कास,
पारूचे शरणार्थ. वि. वि.

अक्का, खाली बस आणि मग वाच. सभा झाली. कशी झाली ते सांगते, तू हसशील. शेवटचं सांगेन तेव्हा हसू नकोस.

गेला आठवडाभर आमच्या ओट्यावर जत्रा होती. संक्रांत तोंडावर, म्हणून सगळ्या जणी रहमतबीकडे बांगड्या भरायला. नरसिंगरावांची बायको तर तास-तास हात देऊन बसायची. रहमतबी अंगठ्याचा सांधा दाबते, बोलता बोलता बांगडी चढवते आणि कळू देत नाही. हिरवी रेशमी काच हवी, सोनेरी ठिपका हवा. कोणी म्हणालं, तू गेलीस की असा हात मिळायचा नाही. रहमतबी म्हणाली, मंग जाऊ नका देऊ की बाई. सगळ्या हसल्या. तो विनोदच आहे असं त्यांना वाटलं.

रविवारी दुपारी सभा, मलप्पा सरांच्या वरच्या हॉलमध्ये. सभा फक्त सदस्यांची, म्हणून भाडेकरू, पोरं, त्यांच्या आया-आज्या, रहमतबी, अफसाना, सगळ्यांना फाटकाबाहेर मोकळ्या जागेत बसवलं. नरसिंगरावांच्या आग्रहावरून ह्यांनी स्वतः फाटकाला कुलूप घातलं. वॉचमनला सुट्टी दिली, तोही सदस्य नाही ना! किल्ली कोटाच्या खिशात, कोट खुर्चीच्या पाठीवर.

नरसिंगराव सीमेवर बोलत होते. देश असो की सोसायटी, म्हणाले, जिथे भिंत पक्की तिथे माणूस निर्धास्त. एवढ्यात खालून घरघर आली. फार नाही, एक धक्का. पंखा हलला, फळा पडला. अक्का, निर्धास्त माणसं जिन्यावरून कशी उतरतात ते तू पाहायला हवं होतंस. सगळे फाटकाशी. फाटकाला कुलूप. किल्ली वर. कोट वर. आणि वर जायला कोणी तयार नाही. मागे इमारत, पुढे आम्हीच बांधलेली भिंत, भिंतीवर आम्हीच रोवलेल्या काचा.

पलीकडून रहमतबीचा आवाज आला, थांबा, हात नका लावू, काच हाय. तिनं आपली गोधडी चौपदरी करून भिंतीवर टाकली. पोरांनी तिकडून बाज उभी केली, इकडून आम्ही क्लासची बाकं लावली. मग एकेक जण सीमा ओलांडायला लागला. पहिले नरसिंगराव. धोतर गोधडीत अडकलं होतं, ते अफसानानं सोडवलं. खाली टेकल्यावर रहमतबीनं त्यांना गंभीरपणे विचारलं की साहेब, रेशनकार्ड संगं आणलंय न्हवं? पोरं इतकी हसली की दुसरा धक्का बसला असता तरी कळला नसता.

सगळ्यांत शेवटी हे. अंगात कोट नाही, तळहात खरचटलेला. उतरल्याबरोबर माणसं मोजायला लागले, आणि मोठ्यानं: सोलह, सत्रह, अठारह. भर उघड्यावर. रहमतबी चमकून बघत राहिली.

आता ऐक. तिथेच सतरंज्या आणि भिंतीवरून काढलेली गोधडी अंथरली, आज्यांनी स्टोव्हवर चहा केला. मला वाटलं, संपलं, आता कोणाला तोंड आहे? पण नरसिंगराव चहा पिऊन म्हणाले, गणसंख्या पूर्ण आहे, सभा पुढे चालवू. आणि अक्का, मतदान झालं. तिच्याच गोधडीवर बसून. ठरावाच्या बाजूनं हात वर करा म्हटल्यावर हात वर झाले, आणि बायकांच्या नावावरही घरं आहेत ना, म्हणून काचेचा किणकिणाट झाला. नव्या हिरव्या बांगड्या, सोनेरी ठिपका. रहमतबीनं त्या बांगड्या एकेक करून पाहिल्या, बरोबर बसल्यात का ते पाहावं तशा. अफसानानं पुस्तक मिटलं.

ह्यांनी हात मोजले. उन्नीस. ठरावाच्या विरुद्ध माझा, मलप्पा सरांचा आणि आणखी चौघांचा. मी ह्यांच्याकडे पाहत नव्हते, पाहवत नव्हतं.

मग हे उभे राहिले. म्हणाले, पोटनियमाप्रमाणे सर्वसाधारण सभा सोसायटीच्या हद्दीत व्हावी लागते. आपण सगळे या क्षणी कुठे बसलो आहोत ते कृपया प्रत्येकानं पाहावं. सगळ्यांनी पाहिलं. भिंत समोर होती, आपल्या काचांसकट, आणि आम्ही तिच्या बाहेर होतो. म्हणून हा ठराव बेकायदेशीर आहे, असं ह्यांनी सांगितलं; नवी सभा नोटीस देऊन बोलवावी लागेल, आणि तारीख ठरवणं हे अध्यक्षांचं काम. नरसिंगरावांनी विचारलं, कधी? हे म्हणाले, मार्चची परीक्षा झाल्यावर. तोवर विद्यार्थ्यांच्या अभ्यासात व्यत्यय नको.

माणसानं माणुसकी दाखवावी म्हणून मी वाट पाहत होते, आणि ह्यांनी पोटनियम दाखवला. पण मला तो पुरला ग. घरी आल्यावर मी ह्यांच्या हाताला हळद लावली. तू पत्रात काय लिहिलं होतंस ते मला माहीत नाही, विचारणारही नाही. विचारलं तर हे पुन्हा पेपर उलटा धरतील.

ती गोधडी फाटली. मी शिवायला घेतली आहे.

माया राहू दे, आणि तिळगूळ जरा जास्त पाठव. यंदा खाणारी दोन माणसं वाढली आहेत.

तुझी,
पारू


लातूर,
१८ जानेवारी १९९४

ती. कमलक्कांस,
धोंडप्पाचे शरणार्थ. वि. वि.

आपले १२ डिसेंबरचे पत्र मिळाले. फाडलेले नाही. या पत्रावर शिक्का मारलेला नाही, याची नोंद घ्यावी.

सभेचा वृत्तांत आपल्याला पार्वतीने कळवला असेलच. त्यात माझी स्तुती असल्यास ती कमी करून वाचावी. भिंत मीच बांधली, आणि काचांची कल्पना माझी होती, नरसिंगरावांची नव्हे. त्या काचा मी छिन्नीने काढतो आहे. रोज सकाळी थोड्या. नरसिंगराव फिरायला जाताना थांबतात आणि हे कोणत्या ठरावाने चालले आहे असे विचारतात. मी त्यांना सांगतो की भिंतीची बाहेरची बाजू सोसायटीच्या हद्दीत येत नाही, आणि मी बाहेर उभा राहून काढतो.

मार्चनंतर सभा घ्यावीच लागेल. तेव्हा काय होईल ते मला माहीत नाही. हात तेवढेच आहेत.

संक्रांतीला मागच्या खोलीत तिळगूळ द्यायला गेलो होतो. रहमतबीने विचारले, साहेब, आमच्यावानी गिनती कुठं शिकलात? निजामाच्या शाळेत, असे सांगितले. मग रझाकाराच्या टायमाला कुठं व्हता, असे तिने विचारले. बार्शीला, मी म्हणालो. आणि सवयीने पुढे जोडले, शिकायला.

ती बांगड्या कागदात गुंडाळत होती. वर न बघता म्हणाली, काय शिकलात मंग?

मी हातातला तिळगूळ तिच्या कागदाशेजारी ठेवला. शेवटी तिनेच माझी सुटका केली. म्हणाली, असू द्या साहेब. पोरीची परीक्षा तेवढी होऊ द्या. शिकायला म्हणून घर सोडून आलेलं एखादं तरी शिकंल.

अफसाना आतून पाढे म्हणत होती. मराठीत. बरोबर होते.

आपला स्नेह मी मागत नाही, तो आपण न विचारता देता हे आता ध्यानात आले आहे.

आपला,
धोंडप्पा